दही घालून घरी साबण केला तर तो नासत नाही का? आणि त्याने रंग उजळतो का?

नासणं न नासणं हे साबण कुठल्या पद्धतीने करता त्यावर आहे. व्हिडिओंमध्ये बहुतेक वेळा तयार बेस वितळवून त्यात चमचाभर दही ढवळतात. तो साबण नासतोच. बेस म्हणजे आधीच झालेला साबण, त्यामुळे वरून घातलेलं दही त्यात दहीच राहतं आणि काही दिवसांत वास मारायला लागतं, नाहीतर बुरशी धरते. दही घालायचं असेल तर तेल आणि कॉस्टिक सोड्यापासूनच साबण करायला हवा. नीट मुरलेल्या साबणाचा पीएच 9 ते 10 असतो आणि पाणी बरंचसं उडून गेलेलं असतं, म्हणून तो टिकतो.

मी सांगलीत करते ते माप देते: खोबरेल 250 ग्रॅम, शेंगतेल 200, एरंडेल 50. त्याला कॉस्टिक 75 ग्रॅम, पाणी 110 ग्रॅम आणि दही 60 ग्रॅम. यात साधारण 5 टक्के तेल मुद्दाम मोकळं राहतं, म्हणजे कातडी ओढल्यासारखी होत नाही. सगळं वजनकाट्यावर तोलायचं, तेलसुद्धा. वाटी-चमच्याचं माप इथे चालत नाही. कॉस्टिक 98 टक्क्यांच्या वर शुद्ध असलेलं घ्या. तुंबलेली मोरी साफ करायच्या पुड्यांत कधीकधी ॲल्युमिनियमचे कण असतात, त्या नकोत. पातेलंही ॲल्युमिनियमचं नको, कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो. स्टील चालतं. हातमोजे आणि चष्मा घाला, खिडकी उघडी ठेवा, पोरांना बाहेर काढा. पाण्यात कॉस्टिक घालायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. अंगावर उडालं तर भरपूर वाहत्या पाण्याखाली धरा, लिंबू-व्हिनेगर चोळत बसू नका.

कॉस्टिकचं पाणी चांगलंच तापतं. ते कोमट होऊ द्या, तेलही तेवढंच कोमट ठेवा, मग एकत्र करून हँड ब्लेंडर थांबत थांबत फिरवा. वरून सोडलेल्या धारेची रेघ क्षणभर दिसायला लागली की दही घालायची वेळ झाली. दही ताजं हवं आणि आधी गुठळ्या मोडून घोटलेलं हवं. गुठळी राहिली तर साबण कापल्यावर पांढरे ठिपके दिसतात. आपल्याकडच्या म्हशीच्या दह्यात साय जास्त असते, त्यामुळे साबण थोडा आणखी स्निग्ध होतो. साठ ग्रॅमला हिशोब बदलायची गरज नाही.

दही सुरुवातीलाच का घालत नाही? त्यातली दुधाची साखर. गरम कॉस्टिकमध्ये ती करपते, मिश्रण आधी पिवळं, मग नारिंगी होतं आणि नाक झोंबवणारा अमोनियाचा वास येतो. पाण्याऐवजी सगळं ताक वापरायचं असेल तर त्याचे बर्फाचे खडे करा, पातेलं थंड पाण्यात ठेवा आणि कॉस्टिक चिमटी-चिमटीने भुरभुरा. तरी रंग थोडा पिवळसर येतोच, ते चालायचंच. श्रीखंडासाठी चक्का बांधल्यावर खाली गळलेली निवळीही अशीच गोठवून वापरता येते. तूप घालणार असाल तर थोडंच, कारण त्यातल्या ब्युटिरिक आम्लाचा वास साबणाला राहू शकतो.

ओतल्यावर साचा टॉवेलात गुंडाळू नका. दुधाचा साबण आतून तापला की मधोमध गडद डाग पडतो. मी सरळ फ्रिजमध्ये ठेवते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घट्ट झाला की वड्या पाडायच्या आणि चार ते सहा आठवडे सावलीत, वारा लागेल अशा मुरवायच्या. पावसाळ्यात करू नका. कृष्णाकाठच्या दमट हवेत वड्यांना घाम फुटतो, कारण साबणातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम.

हळदीच्या गावात राहून साबणात हळद नाही असं चालत नाही, म्हणून तेही सांगते. अर्धा चहाचा चमचा पुरे. कॉस्टिक लागताच ती लालभडक होईल, घाबरू नका. हळदीला चुना लावून कुंकू होतं ते याच गुणावर. साबण मुरेल तसा रंग नारिंगीकडे येतो, उन्हात ठेवला तर विटतो.

आता रंग उजळण्याचं. दह्यातले जिवाणू कॉस्टिकमध्ये मरतात आणि लॅक्टिक आम्लाचं सोडियम लॅक्टेट होतं. चेहऱ्याला दही लावल्यावर जे आम्ल काम करतं ते साबणात आम्ल म्हणून उरतच नाही, त्यामुळे उजळण्याची आशा सोडा. सोडियम लॅक्टेटने वडी कडक होते आणि दुधाच्या साखरेने फेस दाट येतो. मी दही घालते ते त्या फेसासाठी.

वरचं माप फक्त याच तेलांचं आहे. ग्रॅमभर खोबरेलाला साधारण 0.183 ग्रॅम कॉस्टिक लागतं, शेंगतेलाला 0.136, एरंडेलाला 0.128. बेरीज करून त्यातून 5 टक्के वजा करायचे. शेंगतेलाच्या जागी दुसरं तेल घेतलंत तर त्याचा आकडा शोधून हा हिशोब पुन्हा मांडा.