ट्रॅकसूट राहू दे, मिनिटं माग

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. मोठ्या क्लबनं राखीव म्हणून ठेवलंय, खालच्या श्रेणीतला संघ थेट अकरात घ्यायला तयार आहे, आणि तरी तुझं ठरत नाही. त्यात न ठरण्यासारखं आहे काय? तू मिडफिल्डर आहेस. खेळायला मिळेल तिथं जा.

कोस्टा रिकाचा मिडफिल्डर सेल्सो बोर्गेस, हे नाव तू ऐकलं नसशील. त्याचे वडील अलेक्झांड्रे गिमाराईस मात्र माहीत हवेत. २०१६ मध्ये मुंबई सिटी त्यांच्याच हाताखाली आयएसएलच्या, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगच्या, गुणतक्त्यात पहिली आली. जन्म ब्राझीलचा, १९९० चा वर्ल्डकप खेळले कोस्टा रिकाकडून, पुढं २००२ आणि २००६ ला त्याच संघाचे कोच. अशा घरचा पोरगा मायदेशी साप्रिस्सासारख्या बड्या क्लबात निवांत राहिला असता. तो गेला नॉर्वेच्या फ्रेडरिकस्टाडला. संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला, हा तिथंही खेळला. मग स्वीडनचा एआयके. तू ज्यांना 'नाव नसलेले' म्हणतोस तसलेच क्लब.

एआयकेचा खेळाडू म्हणूनच तो २०१४ च्या वर्ल्डकपला गेला. गटात उरुग्वे, इटली, इंग्लंड. कोस्टा रिकाला कुणी मोजत नव्हतं, आणि गटात पहिले तेच आले. मग पुढच्या फेरीत ग्रीसविरुद्ध बरोबरी, निकाल पेनल्टी शूटआउटवर. पहिली किक बोर्गेसची, गोल. उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सविरुद्ध पुन्हा पेनल्टी, पुन्हा पहिला तोच, पुन्हा गोल. सामना गेला, ते सोड. १२० मिनिटांचा खेळ अंगावर असताना मधल्या वर्तुळातून सगळ्यांच्या आधी चालत जाणं बेंचवर बसून येत नाही, लेका. खेळायला मिळेल तिथं जा म्हणतो ते यासाठी.

त्यानंतर कुठं स्पेन. देपोर्तिवोकडून पहिल्याच सामन्यात रायो वायेकानोविरुद्ध दोन गोल. पुढं तुर्कस्तान, मग परत देपोर्तिवो, आणि तो क्लब तिसऱ्या श्रेणीत असतानाही हा मैदानात. शेवटी मायदेशी परतला तो साप्रिस्साच्या हाडवैरी अलाहुएलेन्सेकडे! शिव्या खाल्ल्याच असतील. २०२२ ला स्पेननं सात गोल घातले तेव्हाही चौतिशीतला हा गडी मधल्या फळीत होता. देशाकडून दीडशेहून जास्त सामने. कोस्टा रिकात इतके कुणाचेच नाहीत.

मीही नावाजलेला संघ सोडून एका खात्याच्या टीमकडं गेलो होतो. पेठेत अजून म्हणतात, येड्यानं वाटोळं करून घेतलं. जुन्या संघात सामना संपला तरी माझं बिब, म्हणजे राखीव खेळाडूंनी जर्सीवर घालायचं जाकीट, कोरडं असायचं. वॉर्मअप करायचा, पाण्याच्या बाटल्या उचलायच्या, फोटोत मागं उभं राहायचं. खात्याकडं दर सामन्याला खेळलो. गुडघा गेला तोही खेळताना गेला. मोठ्या स्पर्धा हुकल्या, त्याचं वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू? पण त्या संघात थांबलो असतो तर त्या मिळाल्या असत्या, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. तूही देऊ नकोस.

सोमवारी सरावानंतर कोचना गाठ आणि सरळ विचार, 'या हंगामात मला किती मिनिटं?' 'बघू', 'धीर धर' असलं काही आलं तर बॅग भर. जर्सी घालून काढलेला फोटो घरात लागलाय म्हणून वडील अडून बसतील, माहीत आहे मला. त्यांचा नंबर पाठव, मी बोलतो.