पक्षी झाडावरचे किडे आणि कोळी खरंच कमी करतात का?
हो, करतात. अमेरिकेत मिसूरीच्या जंगलात व्हाइट ओकच्या छोट्या झाडांना अशी जाळी लावली की किडे आत-बाहेर करतील पण पक्ष्यांना शिरता येणार नाही, तर जाळीतल्या झाडांवर पानं खाणारे किडे जवळजवळ दुप्पट झाले, पानं जास्त कुरतडली गेली आणि झाडाची वाढसुद्धा कमी झाली (१९९४ साली हे प्रसिद्ध झालं). कोळ्यांचं मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं, स्वीडनमध्ये स्प्रूस या सूचीपर्णी झाडाच्या फांद्या हिवाळ्यात जाळीत ठेवल्या तर कोळी जास्त वाचले, कारण थंडीत अळ्या फारशा नसतात मग टिटसारखे चिमुकले पक्षी बरंचसं कोळ्यांवर भागवतात. पण कोळी स्वतः पण किडे खातात ना, म्हणजे पक्ष्यांनी कोळी खाल्ले की काही किडे वाचतात, त्यामुळे सगळेच किडे सारखे घटतात असं नाही, मोठा फटका अळ्यांना बसतो.