मॉरिशसला जाण्याआधी गिल्बर्ट हिल बघून या

दिवाळीच्या सुट्टीत सहा रात्री, सोबत सत्तरीच्या आई आणि नऊ वर्षांचा मुलगा. ज्वालामुखी बघायचाय, समुद्रातही डुंबायचंय, तर मॉरिशस की रियुनियन, असं तुम्ही विचारलंय. सरळ मॉरिशस. रियुनियनचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजून जागा आहे खरा, पण तिथे पायपीट फार, आणि बेट फ्रान्सचं म्हणून कागदपत्रांची कटकट वेगळी. मॉरिशसला मुंबईहून थेट विमान आहे, सहा-एक तासांचं.

मात्र तिथे धूर-लाव्हा काही दिसणार नाही. क्युरपिपचं प्रसिद्ध ज्वालामुखीचं तोंड, त्रू ओ सेर्फ, म्हणजे झाडांनी भरलेला, तळाशी पाणथळ असा भलामोठा खड्डा. आमच्या हिने काठावरून वाकून बघितलं आणि म्हणाली, "यासाठी एवढा समुद्र ओलांडला?" त्यात क्युरपिप उंचावर, पाऊस-ढगांचं गाव. जायचं तर सकाळी लवकर.

म्हणूनच सांगतो, निघण्याआधी एका रविवारी मुलाला अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला न्या. उभ्या दगडी खांबांची ती टेकडी साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ जमिनीखोलच्या ज्या उष्ण स्रोतातून ओतला गेला, तोच आज रियुनियनखाली धगधगतोय, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आपला भूखंड त्यावरून उत्तरेला सरकत आला आणि मागे त्याच स्रोतातून बऱ्याच उशिरा मॉरिशस वर आलं. वय जेमतेम ऐंशी-नव्वद लाख वर्षं, म्हणजे सह्याद्रीपुढे पोरच. मग सूयाकजवळच्या रोचेस्टर धबधब्यावर तसेच खांब दिसले की पोरगं स्वतःच ओरडेल. शामारेलची सात रंगांची माती पण तशीच: बेसॉल्ट, म्हणजे लाव्ह्याचा काळा कातळ, कुजून उरलेलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. कोकणातला जांभा बघितलेल्याला तो तांबडा रंग लगेच ओळखू येतो. मातीला कुंपण आहे, लांबूनच बघायची. उन्हात रंग खुलतात.

राहायला पश्चिमेचं फ्लिक आँ फ्लाक घ्या. शामारेल आणि ल मोर्नचा कडा दोन्ही जवळ, आणि बाहेर प्रवाळाची भिंत असल्याने पाणी शांत. पांढरी वाळू त्या प्रवाळाचीच, काळ्या खडकाची नव्हे. दक्षिणेला ग्री-ग्रीला भिंत तुटते आणि लाटा थेट कड्यावर आपटतात. फोटो काढा, पाण्यात उतरू नका.

पाण्यात घालायचे रबरी बूट मात्र विसरू नका. मी अनवाणी गेलो, सी-अर्चिनवर, म्हणजे तळाशी बसलेल्या काटेरी समुद्री प्राण्यावर, पाय पडला. काळे काटे टाचेत मोडून राहिले, आणि पुढचे दोन दिवस बाकीचे पोहत होते तेव्हा मी खुर्चीत बसून चपला राखल्या.

गाडी स्वतः चालवणार असाल तर तिथेही डावीकडूनच. पण आई सोबत आहेत, तर दिवसभराची टॅक्सी बरी. शाकाहाराची चिंता नको: रस्त्यावर मिळणारी धोल पुरी म्हणजे आपली डाळ भरलेली पातळ पोळीच, आत घेवड्याची रस्सेदार भाजी. दिवाळीची तिथेही सार्वजनिक सुट्टी असते, त्या दिवशी फक्त समुद्र ठेवा.