तान्ह्या पोळ्याच्या दिवशी लिहिलेलं पत्र

नागपूर, तान्हा पोळा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझ्या तिन्ही गोष्टी वाचल्या, पण एका बैठकीत नाही. सकाळपासून गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मागायला येताहेत, दर दहा मिनिटांनी फाटक वाजतंय.

पहिल्या गोष्टीतलं मुंगूस छान उतरलं होतं. दुसऱ्या पानावर ते 'आईचं ऐकावं' हे शिकवायला लागलं आणि तिथेच संपलं. तुला प्राणी आवडतात हे ओळीओळीत दिसतं. मुंगसाला काय आवडतं, हे मात्र मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझीही फजिती ऐक. तरुणपणी मी चांदण्या रात्री शेंगदाणे चोरणाऱ्या खारीची गोष्ट लिहिली होती. वर्गात मोठ्या कौतुकाने वाचून दाखवली, तर तिसरीतला एक मुलगा उभा राहून म्हणाला, "बाई, खार तर रात्री झोपते." पोरं हसली ती हसलीच. त्याच्या घरामागच्या चिंचेवर खारी होत्या आणि तो रोज बघत होता. मी शेंगदाणे तेवढे बघितले होते.

म्हणून येत्या एप्रिलात एक काम कर. सेमिनरी हिल्सवर किंवा महाराजबागेत राखी धनेशाची ढोली शोध. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठेने, मातीने तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आत तिची उडायची पिसं गळून पडतात. आपल्या नागपुरी उन्हात नर वडा-पिंपळाची फळं गळ्यात साठवून आणतो आणि एकेक करून फटीतून देतो. एखाद्या दिवशी तो उशिरा आला, तर आतली काय करत असेल? यात तुला काही घालावं लागत नाही. लांब बस, ढोलीपाशी जाऊ नको, फोटोसाठी तर नाहीच. चार दिवस नुसती वही भर.

भाषेचं म्हणशील तर पहिली-दुसरीतलं पोर जोडाक्षरापाशी अडखळतं. 'पक्षी'ऐवजी 'पाखरू' लिही, 'प्राणी'ऐवजी 'जनावर' चालतं का बघ. मुंगूस 'ते' असतं. त्याला नाव दिलंस की 'तो' की 'ती' ठरवावं लागतं, आणि तिथून ते माणसासारखं वागायला लागतं. म्हणून नाव जरा उशिरा दे. आणि तुझी पात्रं एवढी पुणेरी का बोलतात गं? इतवारीतला पोरगा 'काय करून राहिला बे?' असंच विचारेल. निवेदन प्रमाण ठेव, संवाद मोकळे सोड.

तिसऱ्या गोष्टीतला मिठू पिंजऱ्यात खूश आहे, ते मला खटकलं. 1972च्या वन्यजीव कायद्याने पोपट पाळणं गुन्हा आहे, पण माझा राग कायद्यापुरता नाही. थव्यात उडणारं पाखरू एकटं बसून 'या, बसा' म्हणतं, त्यात खुशी कोणाची? ती गोष्ट पुन्हा लिही, नाहीतर सोडून दे.

नोकरी सोडू का, असं विचारलंस. सोडू नको. बालसाहित्याच्या मानधनात महिन्याचा किराणा भागत नाही. बालभारतीचं 'किशोर' 1971पासून निघतंय; त्याचे जुने अंक मिळवून वाच, मग तिथे गोष्ट पाठव. परत आली तर दोन दिवस रड. त्याहून जास्त नको. पाठवण्याआधी शेजारच्या चार पोरांना वाचून दाखव. 'छान आहे' म्हणतील तेव्हा ऐकू नको, कुठल्या ओळीला त्यांचं लक्ष खिडकीकडे जातं तेवढं बघ.

आता लिहिता लिहिता पुन्हा उठले. फाटकाशी पाचेक वर्षांचा मुलगा, बैल दोन्ही हातांत उचलून धरलेला. एक चाक निखळलेलं. म्हटलं, ओढत का नाही? तर म्हणाला, "त्याचा पाय दुखून राहिला, बाई." मी दहा रुपये दिले. त्याने ते खिशात घातले, हलला मात्र नाही. "हे माझे झाले," म्हणाला, "आता बैलाचे द्या."

दिले.

तुझ्या,
बाई