राउटर नवा घ्या, नाव मात्र जुनंच ठेवा

प्रश्न : दादा नमस्कार. आम्ही जुळे सोलापूरला राहतो. मागच्या महिन्यात जुनं इंटरनेट बंद करून दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतलं. पोरगा आला, राउटर भिंतीला ठोकला, मोबाईलवर स्पीड दाखवला आणि गेला, तेव्हापासून घरातलं काही चालेना गेलंय. मुलाने पुण्याला जायच्या आधी सगळं घर स्मार्ट करून ठेवलंय, ११ बल्ब, ५ प्लग, २ कॅमेरे, गिझर, एसीचा रिमोट, स्पीकर आणि हौदावरच्या मोटरचं स्विच. त्यातले ६ बल्ब मी त्याला व्हिडिओ कॉलवर विचारत विचारत नव्या वायफायला जोडले, त्यात अख्खा रविवार गेला आणि हॉलमधला सातवा अजून लुकलुकतोय. नळ चार दिवसांआड येतो, तोपण पहाटे, आणि मोटर मोबाईलवरून लागत नाही म्हणून सासरे अंधारात खाली उतरतात, त्यांचा गुडघा आधीच दुखतोय. बाकीचं पण असंच एकेक करायचं का? मुलगा म्हणतो दिवाळीला आल्यावर बघतो.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आता एकही बल्ब काढू नका आणि दिवाळीची वाट पण बघू नका. राउटर कोणत्या कंपनीचा आहे हे बल्बला कळत नाही ओ. त्याच्या पोटात दोनच गोष्टी लिहून ठेवलेल्या असतात, वायफायचं नाव आणि पासवर्ड, आणि त्या नावाने तो रात्रंदिवस हाका मारत बसतो. म्हणजे तुमची ती सगळी मंडळी महिनाभर जुन्याच नावाला हाका मारतायत आणि ओ द्यायला कोणी नाही. तेव्हा त्यांना बदलायचं सोडा, नव्या राउटरलाच जुनं नाव आणि जुना पासवर्ड द्या.

नाव अगदी जसंच्या तसं पाहिजे हं. मोठी लिपी, छोटी लिपी, मधली स्पेस, सगळं. एका गिऱ्हाईकाकडे माझा दीड तास गेला होता, शेवटी कळलं की जुन्या नावाच्या शेवटी एक स्पेस होती, जी डोळ्याला दिसतच नाही. पासवर्ड आठवत नसेल तर घरातला कुठलाही जुना मोबाईल घ्या ज्यात ते वायफाय सेव्ह आहे. अँड्रॉइड १० किंवा पुढचा असेल तर त्या नावावर शेअर दाबलं की क्यूआर येतो आणि बऱ्याच फोनमध्ये खाली पासवर्ड पण लिहून येतो. आयफोनमध्ये आयओएस १६ पासून सेटिंगमध्येच दिसतो.

मग मोबाईलच्या ब्राउझरमध्ये नव्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर जायचं, त्याचा पत्ता आणि लॉगिन बहुतेक राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर असतं. कंपनीने ते पान लॉक केलं असेल तर कस्टमर केअरला फोन लावून सरळ सांगा, नाव-पासवर्ड हे हे करा, ते तिकडून बसल्या बसल्या करून देतात. जुना राउटर कपाटावर कुठे चालू पडला असेल तर त्याचा प्लग आधी काढा, नाहीतर अर्धे त्याला चिकटतील, त्याच्यात नेट तर नाहीच.

आता नाव बदलूनही काही गोष्टी उठल्या नाहीत तर घाबरू नका, कारण नावाबरोबर अजून दोन गोष्टी जुळायला लागतात आणि खरी गंमत इथेच आहे.

पहिली, बँड, म्हणजे वायफायची लहर. स्वस्तातले बल्ब-प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ त्यांना दिसतच नाही. नवे राउटर दोन्ही बँड एकाच नावाखाली ठेवतात आणि कोणाला कुठे टाकायचं ते स्वतःच ठरवतात, त्यात बिचारे बल्ब गोंधळतात. म्हणून ते एकत्र करायचं सेटिंग बंद करून २.४ ला जुनं नाव द्या आणि ५ ला दुसरं काहीतरी. दुसरी, सिक्युरिटी, म्हणजे वायफायचं कुलूप, त्याच्या जातीला डब्ल्यूपीए म्हणतात. डब्ल्यूपीए३ आलं २०१८ मध्ये, तुमच्या मुलाने घेतलेल्या बऱ्याच वस्तू डब्ल्यूपीए२ च्याच जमान्यातल्या असणार, आणि ते तर २००४ चं. राउटर नुसत्या डब्ल्यूपीए३ वर असेल तर नाव-पासवर्ड शंभर टक्के बरोबर असूनही बल्ब आत येत नाही. कमीत कमी २.४ ला तरी डब्ल्यूपीए२ ठेवा.

कॅमेऱ्यांचं जरा वेगळं असू शकतं. मुलाने त्यांना पक्का आयपी, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला कायमचा पत्ता, देऊन ठेवला असेल, समजा १९२.१६८.१.५०, आणि नवा राउटर १९२.१६८.२९ किंवा १९२.१६८.० असे पत्ते वाटत असेल, तर कॅमेरा वायफायला लागतो पण चित्र येत नाही. एकेक कॅमेरा उघडण्यापेक्षा राउटरचाच लॅन आयपी, म्हणजे त्याचा घरातला पत्ता, १९२.१६८.१.१ करून टाका.

राहिले ते तुम्ही रविवारी घाम गाळून जोडलेले ६. नाव बदललं की ते आता परत बाहेर पडणार, वाईट वाटेल. पण बहुतेक राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय, असतं, त्याला सध्याचं नाव आणि पासवर्ड द्या, २.४ वरच, म्हणजे ते ६ तिथे नांदतील. गेस्टमधल्या वस्तूंना घरातला फोन थेट दिसत नाही, पण बल्बचं काम इंटरनेटवरून फिरून होतं म्हणून चालतं. कॅमेरे आणि स्पीकर मात्र गेस्टला टाकू नका. तो लुकलुकणारा सातवा पेअरिंगला, म्हणजे जोडणी व्हायची वाट बघत, अडकलाय, तो एकटाच परत जोडावा लागेल. भरभर लुकलुकत असेल तर ॲपमधून साधं जोडणं, सावकाश लुकलुकत असेल तर बल्ब स्वतःचंच एक वायफाय सोडतो, आधी फोन त्याला लावायचा आणि तेवढ्यापुरता मोबाईल डेटा बंद ठेवायचा.

आणि जाता जाता, मोटरचं ते स्विच कसलं आहे ते वायरमनला एकदा दाखवा. साध्या १० अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर मोटर लावलेली मी सोलापुरात पुष्कळ ठिकाणी बघितलीय. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि आतला रिले, म्हणजे चालू-बंद करणारा छोटा स्विच, चिकटून बसतो, मग ॲपमध्ये बंद दाखवतं आणि टाकी वाहतच राहते. मधे काँटॅक्टर, म्हणजे मोटरचा लोड झेपणारा मोठा स्विच, पाहिजे. नळ चार दिवसांआड येणाऱ्या गावात टाकी वाहून जाणं म्हणजे काय ते मी सांगायला नको.

प्रश्न : भाऊ, माझी अडचण उलटी आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये माझा वायफाय पासवर्ड सगळ्यांना माहीत आहे, खालच्या टपरीवाल्याला पण, त्याच्याकडे चहा उधारीवर मिळतो. मला तो बदलायचाच आहे. पण १४ वस्तू आहेत.
– वाचक, विजापूर रोड

उत्तर : मग शॉर्टकट नाही ओ मालक, एकेक करावं लागेल. पण पटकन होईल अशी एक युक्ती सांगतो. राउटरचं नाव आणि पासवर्ड दोन्ही बदलून टाका, मग घरातल्या एका जास्तीच्या फोनवर हॉटस्पॉट सुरू करा, त्याला जुनं नाव-जुना पासवर्ड द्या आणि बँड २.४ करा. वस्तू फसून हॉटस्पॉटला येतात आणि ॲपमध्ये जिवंत दिसायला लागतात. बऱ्याच ॲपमध्ये डिव्हाइसच्या सेटिंगमध्येच वायफाय बदलायची सोय असते, तिथून बसल्या जागी नवीन नाव-पासवर्ड द्यायचा, स्टुलावर चढून बल्बशी झटापट नको. हॉटस्पॉटला एका वेळी थोड्याच वस्तू झेपतात, म्हणून चार-पाच चालू ठेवा, बाकीच्यांचं बटण बंद. ज्या ॲपमध्ये ती सोय नाही तिथे रिसेट करून परत जोडा, पण आधी ॲपमधून डिलीट करू नका. त्याच अकाउंटवर परत जोडलं की बहुतेक वेळा नाव आणि टायमर जिथल्या तिथे राहतात, डिलीट केलं तर गेलेच. टपरीवाल्याला गेस्टचा पासवर्ड द्या, चहा उधारीवर मिळतो म्हणता ना.

प्रश्न : लाईट गेली-आली की बेडरूमचा बल्ब आपोआप लुकलुकायला लागतो आणि वायफायवरून गायब होतो. बल्ब खराब आहे का?
– वाचक, होटगी रोड

उत्तर : नाही. या बल्बना रिसेट करायची पद्धतच ती आहे, तीन ते पाच वेळा चालू-बंद करायचं, कंपनीप्रमाणे आकडा बदलतो. आपल्याकडे उन्हाळ्यात लाईट मिनिटात चार वेळा डोळा मारते, बल्बला वाटतं मालकच रिसेट करतोय. काही ॲपमध्ये हा रिसेट बंद करता येतो, बघा. नसेल तर ती लाईन इन्व्हर्टरवर घ्या.