बल्गेरियात आईबाबांना घेऊन ट्रेनने फिरणं जमेल का? पुढे इस्तंबूल किंवा बुखारेस्टही ट्रेनने करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये दहा दिवस आहेत, सोबत साठी ओलांडलेले आईबाबा आहेत, गाडी भाड्याने घ्यायची नाही, आणि वडील मिरजेला रेल्वेत होते म्हणून सगळा प्रवास ट्रेनने करायचा त्यांचा हट्ट आहे. मी नोकरीमुळे सोफियात राहते आणि सुट्टीच्या दिवशी बहुतेक ट्रेननेच भटकते. जमेल, पण सगळं ट्रेनने करू नका. जिथे वाटेत बघण्यासारखं आहे तिथे ट्रेन घ्या आणि जिथे नुसतं पोचायचंय तिथे बस. वडिलांना हे पटवणं तुमच्याकडे.

आधी वाईट बातमी. इथली सरकारी रेल्वे, जिला सगळे ‘बेदेझे’ म्हणतात, स्वस्त आहे पण संथ आहे. सोफिया ते प्लोवदिव १५६ किलोमीटर, त्याला अडीच-तीन तास सहज जातात. बस हायवेने दोन तासांच्या आसपास सोडते. या मार्गावर सोफियाच्या पुढच्या डोंगराळ टप्प्यात नवा रूळमार्ग आणि बोगदे करण्याचं काम वर्षानुवर्षं चाललंय, त्यामुळे वेळापत्रकावर फार विसंबू नये. वार्नाला, म्हणजे काळ्या समुद्राकडे जायचं तर ट्रेनमध्ये अख्खा दिवस मोडतो. दहाच दिवस हातात असताना मी तरी तो घालवणार नाही.

आता वडिलांसाठी. सोफियाहून प्लोवदिवच्या वाटेवर सेप्तेम्व्री नावाचं जंक्शन लागतं. तिथून दोब्रिनिश्तेपर्यंत १२५ किलोमीटरची नॅरोगेज लाइन जाते. एका बाजूला रोदोपी, पुढे रिला आणि पिरिन, अशा तीन डोंगररांगांच्या मधून. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६० मिलिमीटर. मिरजेच्या माणसाला हा आकडा सांगितला की पुढचं काही सांगावं लागणार नाही, कारण आपली जुनी बार्शी लाइट ७६२ची होती आणि तिचं एक टोक मिरजच होतं. फरक इतकाच, की बार्शी लाइटचं ब्रॉडगेज झालं आणि ही अजून रोज धावते, पर्यटकांसाठी नटवलेली गाडी म्हणून नाही तर गावकऱ्यांची गाडी म्हणून. लाइन टप्प्याटप्प्याने बांधत १९४५मध्ये दोब्रिनिश्तेला पोचली. पूर्ण अंतराला पाच तास लागतात. म्हणजे ताशी पंचवीस किलोमीटर, हो.

डिझेल इंजिन, मागे दोन-चार छोटे डबे, आणि खिडक्या खाली ओढून उघडता येतात. वेलिनग्राद सोडलं की खरा चढ सुरू होतो. गाडी बोगद्यात शिरते, वळत वळत बाहेर येते आणि मघाशी जिथून आलो तो रूळ पायाखाली दिसतो. आधी कोणाचाच विश्वास बसत नाही; डब्यातली मुलं या खिडकीतून त्या खिडकीत पळत सुटतात. असं करत करत ती आव्रामोवोला चढते. समुद्रसपाटीपासून १२६७ मीटर, आणि बाल्कन द्वीपकल्पातलं सर्वांत उंच स्टेशन म्हणून ते ओळखलं जातं. स्टेशन म्हणजे एक बैठी इमारत, लाल टोपी घातलेले स्टेशन मास्तर, आणि भोवती गवताची कुरणं. इथल्या खेड्यांत पोमाक, म्हणजे बल्गेरियन बोलणारे मुसलमान मोठ्या संख्येने राहतात. डोक्याला रुमाल बांधलेल्या आज्या मधल्या हॉल्टला चढतात, दोन स्टेशनं जाऊन उतरतात. एकदा एकीने न विचारता माझ्या मांडीवर ओंजळभर चेरी ओतल्या आणि मग उतरेपर्यंत मला काहीतरी सांगत राहिली. मला त्यातलं निम्मं कळलं.

एका दिवसात जाऊन यायचा विचार करू नका. सकाळी सेप्तेम्व्रीहून बसा, दोब्रिनिश्तेच्या अलीकडच्या बान्स्कोला उतरून मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी बसने सोफियाला या. बस तीन तासांच्या आत आणते. पाच तास जास्त वाटत असतील तर वेलिनग्रादला उतरा. ते गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे, गुडघेवाल्या आईबाबांना आवडेल. पण मग आव्रामोवोचा घाट चुकतो, आणि तो चुकवायचा तर या लाइनवर येण्यात फारसा अर्थ नाही, असं माझं मत. दिवसाला गाड्या मोजक्याच आहेत, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा.

दुसरा मार्ग सोफियाहून उत्तरेकडचा. गाडी थोड्याच वेळात इस्कर नदीच्या घळीत शिरते. स्तारा प्लानिना ही डोंगररांग पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत देशाच्या मधोमध आडवी पडलीय. ती कापून पलीकडे डॅन्यूबला जाणारी नदी ही एकच. रेल्वेने तिचीच वाट धरली. मेझद्रापर्यंतचा दीडेक तास डोळे खिडकीतून काढवत नाहीत. लाकात्निकला स्टेशनच्या समोरच सरळसोट कडे उभे आहेत. नुसतं तिथे जायचं तर पॅसेंजर पकडा, बऱ्याच फास्ट गाड्या छोट्या स्टेशनांवर थांबत नाहीत. वेलिको तिर्नोवो तुमच्या यादीत असेलच. ते याच मार्गाने होतं, फक्त गोर्ना ओर्याहोवित्साला गाडी बदलावी लागते. जाताना ट्रेन, येताना बस करा.

कोप्रिवश्तित्साला मात्र फसगत होते. नकाशात स्टेशन आहे, पण गाव तिथून आठ-नऊ किलोमीटरवर. गाडीच्या वेळेला छोटी बस येते. ती सुटण्याआधी स्टेशनवर फोटो काढत बसू नका.

इस्तंबूल. हो, रात्रीची थेट गाडी आहे. सोफियाहून संध्याकाळी सुटते आणि पहाटे-सकाळी हाल्काली या स्टेशनवर सोडते. हाल्काली शहराच्या पश्चिम टोकाला आहे. तिथून मार्मराय लोकलने सिर्केजीला जायचं, म्हणजे थेट जुन्या शहरात. तुर्की रेल्वेचे स्लीपर डबे चांगले असतात, दोन बर्थची खोली, आत बेसिन. तुम्ही तिघं असाल तर चार बर्थचा कुशेत, म्हणजे साध्या बर्थचा डबाही आहे, पण आईबाबांना दोघांची खोली द्या आणि तुम्ही कुशेतमध्ये जा. तिकीट मी सोफिया स्टेशनवरच्या आंतरराष्ट्रीय खिडकीवर पासपोर्ट दाखवून काढते. जूनमध्ये स्लीपर लवकर भरतात, तेव्हा सोफियाला उतरल्या दिवशीच हे काम उरका.

यातली ग्यानबाची मेख सीमेवर आहे. स्विलेनग्रादला बल्गेरियाची तपासणी होते आणि पुढे कापिकुलेला तुर्कस्तानची. कापिकुलेला सगळ्यांनी सामानासकट खाली उतरायचं, रांगेत उभं राहून शिक्का घ्यायचा, बॅगा मशीनमधून काढायच्या आणि परत चढायचं. हे सगळं ऐन मध्यरात्रीनंतर. गाडीच्या पायऱ्या उंच आणि फलाट बुटका. मला मजा येते, पण बाबांचा गुडघा किंवा आईची झोप यांचा विचार तुम्ही करा. मोठ्या बॅगा असतील तर मी विमान घ्या म्हणेन. लहान बॅगा आणि रेल्वेवेडे बाबा असतील तर याच गाडीने जा.

व्हिसाचं नीट बघा. बल्गेरिया १ जानेवारी २०२५पासून जमिनीवरच्या सीमांसकट पूर्ण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आलाय. इस्तंबूलला जाऊन परत सोफियाला यायचं असेल तर मल्टिपल एन्ट्री शेंगेन व्हिसा लागेल. म्हणून माझा सल्ला, इस्तंबूल शेवटी ठेवा आणि तिथूनच मुंबईचं थेट विमान पकडा. वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो. त्याच्या अटी सरकारी साइटवर स्वतः वाचा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

रोमानियाची राजधानी बुखारेस्टला जायचं तर आधी सीमेवरच्या, डॅन्यूबकाठच्या रुसेला पोचावं लागतं. रुसे मात्र रेल्वेवाल्यांनी पाहावंच असं गाव. आजच्या बल्गेरियातली पहिली रेल्वे रुसे ते वार्ना, १८६६ची, तेव्हा इथे ऑटोमन राज्य होतं. त्या जुन्या स्टेशनात आता राष्ट्रीय वाहतूक संग्रहालय आहे, अंगणात जुनी इंजिनं आणि सलून डबे उभे आहेत. १८८३मध्ये सुरुवातीची ओरिएंट एक्सप्रेस, म्हणजे पॅरिसहून इस्तंबूलकडे जाणारी ती प्रसिद्ध गाडी, अखंड जात नव्हती. प्रवासी रोमानियातल्या जुर्जूला उतरून बोटीने डॅन्यूब ओलांडत, रुसेहून ट्रेनने वार्ना गाठत आणि तिथून जहाजाने इस्तंबूलला जात. आता रुसेपाशी १९५४चा दुमजली पूल आहे, वरून मोटारी, खालून ट्रेन, लांबी सव्वादोन किलोमीटरच्या आसपास. दोन्ही देश शेंगेनमध्ये असल्याने शिक्क्याची भानगड संपली. पण पलीकडे ग्रादिश्तेआचा रेल्वेपूल २००५मध्ये कोसळला आणि त्यानंतर वर्षानुवर्षं गाड्या विदेलेचा वळसा घेत आल्या. नकाशात जवळ दिसणाऱ्या बुखारेस्टला त्यामुळे अडीच-तीन तास धरा. पूल ट्रेनने ओलांडायचा नसेल तर सरळ बस.

थेसालोनिकी आणि बेलग्रेड, दोन्हींना बस. ट्रेनच्या भानगडीत पडू नका.

बाकी किरकोळ. १ जानेवारी २०२६पासून इथे युरो चालतो, त्यामुळे जुन्या ब्लॉगवरचे लेवमधले दर विसरा. स्टेशनचं नाव आणि तारीख सिरिलिकमध्ये कागदावर लिहून खिडकीत सरकवा, आणि ‘हो ना?’ म्हणून मान हलवू नका. इथे हो आणि नाहीची मान उलटी असते. सोफिया स्टेशनवर कोणी आपणहून बॅग उचलायला आलं तर नको म्हणा, नंतर पैसे मागतात. आई शाकाहारी असतील तर स्टेशनवर मिळणाऱ्या बानित्साबद्दल सांगून ठेवते: पापुद्र्यांत चीज असतं, पण अंडंही असतं. गाडीत पँट्री धरून चालू नका. धपाटे टिकतात, घेऊन या. इथलं दही त्यांच्यासोबत फार छान लागतं.