आधी टॉवर शोधा, कंपनी मग ठरवा

दादा, तुमचं घर सज्जनगडाच्या पायथ्याला परळी खोऱ्यात, फायबर गावापर्यंत आलेलं नाही, लेक जूनपासून पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणार, दिवसाला तीन-चार तास व्हिडिओ कॉल. आणि विचारताय की जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल यातलं काय घ्यावं. याचं उत्तर साताऱ्यात बसलेला कोणीही देऊ शकणार नाही. पोवई नाक्यावर जे सिम पळतं ते डोंगराच्या आड गेल्यावर तसंच पळेल असं नसतं. खोऱ्यात एका आळीत रेंज, दुसऱ्या आळीत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

मी स्वतः या बाबतीत फसलो आहे. आमचं घर कोरेगाव तालुक्यात. दुपारी फोनवर पूर्ण कांड्या दिसल्या म्हणून एका कंपनीचा सिमवर चालणारा राउटर (घरभर वायफाय देणारा डबा) आणि सहा महिन्यांचं पॅक एकदम घेतलं. रात्री आठनंतर स्पीड दोन एमबीपीएसच्या (नेटचा वेग मोजायचं माप) वर जाईना. मुलाचा क्लास रोज अडकायचा. तक्रारी केल्या, पैसे परत मिळाले नाहीत. पुढे शेजाऱ्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघितलं. त्याला दोनच कांड्या होत्या, पण रात्रीही पंधरा-वीसचा स्पीड. कांड्या फक्त टॉवरचा आवाज किती पोचतो ते सांगतात. त्या टॉवरवर किती लोक लटकलेत आणि टॉवरला मागून जोडणी कशी आहे, ते कांड्यांत दिसत नाही.

म्हणून आधी एक आठवडा द्या. शेजारीपाजारी, पाहुणे, ज्यांच्याकडे वेगवेगळी सिम आहेत त्यांचे फोन लेक जिथे बसणार त्याच खोलीत ठेवून स्पीड टेस्ट करा. सकाळी दहाला एकदा आणि रात्री साडेआठ ते दहामध्ये एकदा, निदान तीन दिवस. डाउनलोडपेक्षा अपलोड नीट बघा. व्हिडिओ कॉलमध्ये आपला चेहरा-आवाज अपलोडवरून जातो. रात्रीही अपलोड तीन-चार एमबीपीएस टिकत असेल तर काम चालेल. एक असेल तर लेकीचं बोलणं पलीकडे तुटत जाणार.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'खाली 'सिम स्टेटस'मध्ये बहुतेक वेळा सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या मापात, मिळतो. तो उणे असतो, शून्याकडे जेवढा जवळ तेवढा चांगला. ४जीला उणे ८५ उत्तम, उणे १०० चालण्यासारखा, उणे ११० च्या पलीकडे गेला तर त्या खोलीचा नाद सोडा. मग माडीवर, खिडकीत, गच्चीवर फिरून बघा. दगडी भिंत आणि पत्रा सिग्नल खूप खातात, फक्त खोली बदलली तरी फरक पडतो.

५जीचं नाव ऐकून धावू नका. जास्त कंपनाच्या लहरींवरचं, म्हणजे ३५०० मेगाहर्ट्‌झवरचं ५जी वेगवान असतं, पण लांब जात नाही आणि भिंतीत अडतं. जिओकडे कमी कंपनाच्या लहरींचं ७०० मेगाहर्ट्‌झही आहे, ते लांब पोचतं, पण वेग तेवढा नसतो. खोऱ्यात धड चालणारं ४जी अडखळणाऱ्या ५जीपेक्षा बरं.

२०२३ पासून जिओ आणि एअरटेलचं एअरफायबर, म्हणजे तारेशिवाय टॉवरवरून घरी येणारं नेट, आलंय. त्यात बहुतेकदा गच्चीवर डबा बसवतात, त्यामुळे घराच्या भिंती मधे येत नाहीत. तुमच्या पत्त्यावर मिळत असेल तर साध्या सिमच्या राउटरआधी तेच विचारा. त्याचा डेटाही जास्त असतो, महिन्याला साधारण १००० जीबीपर्यंत. उलट दिवसाला दोन जीबीचं मोबाइल पॅक तुम्हाला पुरणार नाही, कारण चांगल्या चित्राचा व्हिडिओ कॉल तासाला सुमारे एक जीबी खातो. दुपारच्या जेवणाआधीच लेकीचं नेट संपेल.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो, कारण परळीचा पाऊस मी पाहिलाय. नुसत्या पावसाने फोनची रेंज फारशी जात नाही. वीज जाते, टॉवरची बॅटरी उतरते, मग नेट जातं. काही टॉवरवर ढोलासारख्या गोल डिश असतात. त्यांना बहुधा पुढच्या टॉवरवरून हवेतूनच जोडणी असते, धो-धो पावसात ती कमकुवत होऊ शकते. घरात राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस (वीज गेल्यावर चालवणारी बॅटरी) लावा, पण राउटरचा अडॅप्टर किती व्होल्टचा आहे ते बघूनच. दुसरं सिम हाताशी ठेवाल तेव्हा ते वेगळ्या टॉवरचं आहे ना एवढं बघा. पुष्कळदा एकाच खांबावर दोन-तीन कंपन्या असतात आणि वीज गेली की सगळ्या एकदम बसतात.

काहीही घेताना पहिल्यांदा महिन्याभराचंच रिचार्ज करा. विक्रेता सहा महिन्यांवर कितीही सूट देऊ दे.

आठवड्याने रात्रीचे आकडे, डीबीएम आणि टॉवर घराच्या कुठल्या दिशेला आहे ते इथे लिहा. राउटर कुठल्या भिंतीला लावायचा ते बघून सांगतो.